उत्तरेचा उजेड, मलमलचा पडदा आणि आत्याची काचेवरची छबी

ओल्या काचेवर, म्हणजे काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतण्याच्या जुन्या पद्धतीने, माणसाची छबी काढायची आणि तीही त्याच्यावर विजेचा एकही दिवा न लावता, असं मी जून २०२३ मध्ये ठरवलं. मनासारखी पहिली काच हातात आली ती जानेवारी २०२४ मध्ये, संक्रांत होऊन गेल्यावर. मधल्या काळात परवानग्या, रसायनं, कौलं, कापड आणि ऊन या सगळ्यांशी गाठ पडली. मराठीत याबद्दल सलग लिहिलेलं मला काही मिळालं नाही, म्हणून जे जसं घडलं ते तसं लिहून ठेवते आहे. कुणाला या वाटेने जायचं असेल तर निदान कुठे किती वेळ जातो एवढं तरी आधी कळेल.

सुरुवात वाचनापासून झाली. जुन्या छायाचित्रांतला चेहऱ्यावरचा तो मऊ, पसरलेला उजेड मला कायम ओढून घ्यायचा. तो मुद्दाम, देखणेपणासाठी योजलेला असावा असं आपण धरून चालतो. पण मुळात ती गरज होती. रिचर्ड बिअर्ड यांनी मार्च १८४१ मध्ये लंडनमध्ये रीजंट स्ट्रीटवरच्या पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनच्या छतावर स्टुडिओ थाटला, तेव्हा छताला निळी काच होती. तेव्हा छबी चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यांवर काढत; त्या पत्र्यांना निळा आणि त्यापलीकडचा अदृश्य उजेडच काय तो कळायचा. तांबडा, पिवळा जवळपास दिसतच नसे. निळ्या काचेतून पत्र्याच्या कामाचा उजेड आत यायचा आणि बसणाऱ्याच्या डोळ्यांना खुपणारा बाकीचा बाहेर राहायचा. माणसाला बरेच सेकंद डोळे उघडे ठेवून बसायचं होतं. उन्हात बसवलं तर डोळे बारीक होणार, नाकाखाली शाईसारखी सावली पडणार. उजेड भरपूर हवा, पण बोचरा नको. पुढच्या सगळ्या काचेच्या खोल्या, पडदे, भिंतींची सफेदी ही या एका अडचणीवरची उत्तरं आहेत.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी कलोडियनची पद्धत जाहीर केली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. त्यामुळे ती भराभर पसरली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली, १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे या पहिल्या पिढीतले आपल्याकडचे छायाचित्रकार. हे वाचल्यावर मला नुसत्या छापील पुस्तकांतून बघणं पुरेना. मूळ छाप डोळ्यांनी बघायचे होते.

त्यासाठी मुंबईतल्या एका जुन्या संग्रहाला जूनअखेरीस अर्ज केला. अर्जात हेतू, कोणत्या काळातले छाप बघायचे, किती वेळ लागेल हे लिहायचं होतं. सोबत आधार कार्डाची प्रत आणि ओळखीचं एक पत्र. ओळखीचं पत्र कुणाचं चालेल हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. फोनवर विचारलं तर प्रत्येक वेळी वेगळं उत्तर. शेवटी एका निवृत्त प्राध्यापकांचं पत्र जोडलं आणि ते चाललं. उत्तर यायला सहा आठवडे लागले. अर्ज टपालाने आणि ईमेलने दोन्हीकडून पाठवा आणि आवक क्रमांक मागून घ्या, नंतर चौकशीला तोच उपयोगी पडतो. आत फक्त पेन्सिल आणि कोरे कागद नेता येतात, फोटो काढता येत नाही. मी एक चांगलं भिंग नेलं होतं आणि ते वापरायची परवानगी तिथेच मागून घेतली.

त्या भिंगानेच मला सगळ्यात जास्त शिकवलं. माणसाच्या बुबुळावर उजेडाचा एक ठिपका असतो. तो नीट पाहिला की ती खोली वाचता येते. ठिपका चौकोनी आणि वरच्या अंगाला असेल तर छताची काच, बाजूला उभा असेल तर खिडकी किंवा व्हरांड्याची मोकळी बाजू. १८६० च्या दशकातल्या काही छापांमध्ये डोळ्यांत अर्ध्या बुबुळाएवढा पांढरा पट्टा होता. म्हणजे उजेडाचं दार चेहऱ्याच्या अगदी जवळ आणि भलंमोठं. त्याच चेहऱ्यांवर नाकाची सावली कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते सांगता येत नव्हतं. मऊ उजेड म्हणजे मंद उजेड नव्हे, बसणाऱ्याच्या जागेवरून मोठा दिसणारा उजेड. सूर्य प्रखर आहे म्हणून नव्हे, तर आकाशात तो रुपयाएवढा दिसतो म्हणून त्याची सावली धारदार. हे मी वाचलं होतं, पण पटलं ते त्या दिवशी.

रसायनांचं काम ऑगस्टमध्ये सुरू केलं आणि तिथेच सगळ्यात जास्त अडले. कलोडियनमध्ये इथर आणि शुद्ध अल्कोहोल लागतं. विक्रेत्यांकडे चौकशी केली की पहिला प्रश्न, ‘संस्था कुठली?’ वैयक्तिक कामासाठी म्हटलं की फोन बंद. शुद्ध अल्कोहोलला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो असं प्रत्येकाने सांगितलं, आणि इथर पेट घेणारं म्हणून विमानाच्या कुरियरने जात नाही. एका ठिकाणी आगाऊ पैसे भरून महिनाभर थांबले, मग कळलं की माल पाठवता येणार नाही. पैसे परत यायला आणखी तीन आठवडे गेले.

तोडगा निघाला तो एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात. त्यांच्याकडे परवाना होता, दोन्ही गोष्टी होत्या, आणि विभागप्रमुखांना विषयात रस वाटला. प्राचार्यांना अर्ज, प्रयोगाची लेखी कृती, सुरक्षिततेची हमी देणारं पत्र, एवढं केल्यावर सप्टेंबरअखेरीस परवानगी मिळाली. अट अशी की मिश्रण तिथल्या धुराड्याच्या, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात, त्यांच्या माणसासमोर करायचं. ही अट मला फार बरी वाटली. इथर साधारण ३५ अंशांना उकळतं, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी बाटलीचं बूच आपोआप उडेल. घरच्या स्वयंपाकघरात हे करू नका, कितीही सोपं वाटलं तरी. तयार कलोडियन आम्ही भल्या पहाटे, स्वतःच्या गाडीने, पत्र्याच्या डब्यात वाळू घालून त्यात बाटली ठेवून आणलं. एसटीत किंवा रेल्वेत ज्वलनशील पदार्थ नेता येत नाहीत.

बाकीचं सोपं होतं. सिल्व्हर नायट्रेट ५० ग्रॅम घेतलं, पाच हजारांच्या आसपास पडलं. भाव चांदीच्या बाजाराबरोबर हलतो, त्यामुळे आजचा भाव विचारूनच ठरवा. अर्धा लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ४५ ग्रॅम, म्हणजे नऊ टक्क्यांचं द्रावण, चार बाय पाच इंचाच्या काचांना पुरतं. हे हाताला लागलं तर डाग काही तासांनी काळा होतो आणि आठवडाभर जात नाही; डोळ्यात गेलं तर डोळा गमवावा लागतो. चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही. छबी उमटवायला हिराकस (फेरस सल्फेट) आणि ॲसिटिक आम्ल. जुन्या कृतींत त्यात अल्कोहोलही असतं, पण चांदीचं द्रावण नवं असेल तर त्यावाचून चालतं, तेवढाच परवान्याचा एक प्रश्न कमी. शेवटी काच पक्की करायला काही जण पोटॅशियम सायनाइड वापरतात. मी हायपो (सोडियम थायोसल्फेट) वापरला. तो थोडा हळू काम करतो एवढंच. हायपोचा हा गुण इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी शोधला, आणि १८६७ मध्ये ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांनी त्याच हर्शेल यांची विस्कटलेल्या पांढऱ्या केसांची ती प्रसिद्ध छबी काढली. कॅमेरन मूळच्या कोलकात्यात जन्मलेल्या. त्यांचा स्टुडिओ म्हणजे काचा लावलेलं कोंबड्यांचं खुराडं. मला हे वाचून फार धीर आला, कारण माझ्याकडेही माडीवरची एक खोलीच होती.

कॅमेरा जुना लाकडी, केरळात आलप्पुळ्याला एकेकाळी बनत असे तो वागेश्वरी. तालुक्याच्या गावातल्या बंद पडलेल्या स्टुडिओतून मिळाला. भाता दुरुस्त करायला बाराशे रुपये आणि दोन आठवडे. लेन्स एफ/४.५ छिद्राची, म्हणजे बराच उजेड आत घेणारी.

आता उजेड. इथे मी सगळ्यात जास्त रमले, आणि इथेच परदेशी पुस्तकं जशीच्या तशी उपयोगाची नाहीत. ती सगळी सांगतात, उत्तरेकडच्या उताराला काच लावा, ऊन कधी थेट येणार नाही. लंडनला डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो. तिथे उत्तरेचा उतार खरंच सावलीत राहतो. साताऱ्याला त्याच दिवशी तो जवळपास ४९ अंशांवर असतो. आमच्या कौलांचा उतार ३० अंशांचा. म्हणजे ऐन थंडीतही उत्तरेच्या कौलांवर ऊन तिरपं का होईना, पडतंच. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत तर सूर्य दुपारी आपल्या डोक्याच्याही उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा उत्तरेच्या उभ्या खिडकीतूनसुद्धा ऊन आत येतं. सप्टेंबरअखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र उत्तरेची उभी खिडकी दिवसभर उन्हापासून मोकळी असते. आपल्याकडे या कामाचा हंगाम हा. हिवाळ्यात कलोडियनही शांत वागतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी जुळतात.

दिवाळी झाल्यावर गवंडी बोलावला. उत्तरेच्या उतारावरची मंगलोरी कौलं दोन ओळींत काढून काचेची कौलं बसवली. कौलं, मजुरी, वासे सारखे करणं धरून साडेनऊ हजार. पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा स्वस्तात झाला असता, पण जुना झाला की तो पिवळा पडतो, आणि या काचेला पिवळा उजेड म्हणजे अंधारच. तीच गोष्ट भिंतीची. खोलीला मळकट पिवळसर रंग होता. तो खरवडून चुन्याची सफेदी केली आणि उजेडात लगेच फरक पडला.

कापडाचंही तेच. पडद्यासाठी आधी मांजरपाट आणला होता, टिकाऊ आणि स्वस्त. पण कोऱ्या मांजरपाटाचा रंग पिवळट असतो; त्यातून आलेला उजेड डोळ्याला छान वाटतो आणि काचेवर काही उमटत नाही. उजेड गाळायला धुतलेली पांढरी मलमल घेतली आणि मांजरपाट ठेवला तो नको तिथला उजेड अडवायला. दोन्ही पडदे तारेवर कड्या लावून सरकते केले. जुन्या स्टुडिओंत असेच सरकते पडदे असत. छायाचित्रकाराचं अर्धं काम त्या दोऱ्या ओढण्याचं असे.

उजेड बघायला माणूस बसवण्याआधी पेणहून रंग न दिलेला शाडूचा गौरीचा मुखवटा आणला आणि स्टुलावर ठेवला. हे कुणालाही सुचवेन. मुखवटा कंटाळत नाही, आणि रंग नसल्यामुळे सावली स्वच्छ दिसते. मलमल खिडकीपाशी, मुखवट्यापासून आठेक फुटांवर असताना नाकपुडीखालची सावली काठाने अजून कडकच होती. पडदा पुढे आणत तीन फुटांवर आणला तसा तो काठ विरघळत गेला. सावली गालावर कुठे संपते ते बोट ठेवून दाखवता येईना. पण कौलांतून वरून येणारा उजेड कपाळ उजळवत होता आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पाडत होता. म्हणून डोक्यावरच्या कौलांखाली मांजरपाट ओढला आणि पुढच्या बाजूची, तिरप्या कोनातली कौलं उघडी ठेवली. सावलीच्या बाजूला चुना फासलेली प्लायवूडची फळी उभी केली. फळी फार जवळ आणली की चेहरा सपाट होतो, गालाचं हाड नाहीसं होतं. चार फूट मला योग्य वाटलं. मऊपणातही चेहऱ्याला एक उजेडाची आणि एक अंधाराची बाजू हवीच.

डिसेंबरात काचा ओतायला लागले. काचवाल्याकडून तीन मिलिमीटरची काच कापून आणायची, कडा कानशीने घासायच्या, खडूच्या पुडीने पुसून लख्ख करायची. बोटाचा ठसा राहिला तर तो छबीत उमटतो. मग काचेच्या मधोमध कलोडियन ओतायचं, एकेका कोपऱ्याकडे कलवत नेऊन शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत सोडायचं. काही सेकंदांत त्यावर दुधावरच्या सायीसारखा थर धरतो. मोरीत तांबडा दिवा लावून ती काच तीन मिनिटं चांदीच्या द्रावणात ठेवायची. तिथून पुढे काच ओली आहे तोवरच, म्हणजे पाच-सात मिनिटांत, सगळं उरकायचं. वेळा मी मोरीच्या भिंतीवर खडूने लिहायचे: उजेड, कापडाचे पदर, सेकंद, निकाल. वही ओली होते, भिंत पुसता येते. मलमलचा एक पदर वाढला की वेळ साधारण दुप्पट करावी लागते, हे त्या भिंतीने सांगितलं. खिडकी उघडी, एक पदर, सकाळी दहाचा उजेड, याला १८ सेकंद.

अठरा सेकंद चेहरा न हलवता बसणं सोपं नाही. त्यासाठी मानेला मागून आधार लागतो. गावातल्या वेल्डरने लोखंडी पायाचा, वर-खाली होणारा आधार अकराशे रुपयांत करून दिला. आधार मानेला नुसता टेकलेला हवा. डोकं त्यावर रेललं की हनुवटी उचलली जाते आणि माणूस ताठरतो. पापणी लवली तर चालतं, इतक्या वेळात ती उमटत नाही. नजर मात्र एकाच जागी हवी.

जानेवारीत आत्याला बसवलं. वय त्र्याहत्तर, निळी नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. तिला सगळं आधी समजावून सांगितलं, दोनदा नुसतंच बसवून बघितलं.

“श्वास पण घ्यायचा नाही का गं?”

“श्वास घे आत्या, हळूहळू घे. ती समोरची खुंटी बघत राहा, बस.”

लेन्सचं टोपण काढलं आणि मी मोठ्याने आकडे मोजले. मोजणं ऐकू आलं की बसणाऱ्याला शेवट कुठे आहे ते कळतं, माणूस सैल राहतो. टोपण लावून मोरीत धावले, हिराकसाचं द्रावण एका झटक्यात काचेवर सोडलं, पंधरा सेकंदांत पाण्याने थांबवलं. मग आत्याला बोलावलं. हायपोच्या तसराळ्यात काच घातली की आधी निळसर, उलटी, दुधाळ छबी दिसते. बघता बघता तो दुधाळपणा कडेपासून विरत जातो आणि काळ्या तसराळ्याच्या पार्श्वभूमीवर माणूस सुलटा होतो. आत्या काही बोलली नाही. वाकून बघत राहिली. मग म्हणाली, “कुंकू काळं झालं की गं माझं.”

झालंच होतं. तांबडं या काचेला दिसत नाही, म्हणून कुंकू काळं. हिरव्या बांगड्या काळपट. आणि निळी नऊवारी जवळपास पांढरी. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती, उन्हाने पडलेला प्रत्येक डाग डोळ्याला दिसतो त्याहून गडद. हे पाहिल्यावर जुन्या छायाचित्रकारांनी उजेड मऊ करायला एवढे कष्ट का घेतले ते मला पुरतं समजलं. ही काच मुळातच कातडीशी कठोर वागते. त्यात कडक उजेड टाकला तर चेहऱ्याचा नकाशा होतो. मलमलमधून आलेल्या उजेडात त्याच सुरकुत्या होत्या, पण प्रत्येकीचा एक काठ उजेडात विरघळत होता, आणि आत्या आत्यासारखी दिसत होती. फोटोच्या काचेला इतर रंग दाखवण्याची युक्ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांना १८७३ मध्ये सापडली. त्याआधीच्या आपल्याकडच्या छायाचित्रांत बायकांच्या कपाळी काळी टिकली दिसली तर ती कुंकवाची असू शकते, हे ध्यानात ठेवून बघा. आत्याला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग पुढच्या वेळी पिवळं नेसते, काय होतंय बघू.” पिवळं काळं होतं, आत्या. पण बघू.

एकूण खर्च, कॅमेरा सोडून, साधारण चोवीस हजार झाला. त्यात सगळ्यात मोठा वाटा कौलांचा. एका काचेला तेव्हा सत्तर-ऐंशी रुपये पडत. वापरलेला हायपो आणि पहिलं धुवण मी मोरीत सोडत नाही, त्यात चांदी असते आणि ती पाण्यातल्या जिवांना मारते. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून महाविद्यालयाकडे देते, ते त्यांच्या रासायनिक कचऱ्याबरोबर पाठवतात. त्याचीही आधीच लेखी सोय करून घ्या, कॅन भरल्यावर धावाधाव नको. काचेवर सँडरॅकच्या डिंकाचं आणि लव्हेंडर तेलाचं व्हार्निश लागतं, नाहीतर चांदी काळवंडते. त्यातही अल्कोहोल असल्याने तेही महाविद्यालयातच केलं. कलोडियन थंड, अंधाऱ्या जागी काही महिने टिकतं. रंग गर्द तांबडा झाला की वेळ वाढवावी लागते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर मी काम थांबवणार आहे आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा पडदे धुऊन लावणार आहे. परवानगीचा नवा अर्ज मात्र जुलैतच टाकेन.